चकलांब्याच्या काळ्या मातीतील पारिजातक

बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यात, गोदावरीच्या दक्षिणेस चकलांबा हे गाव आहे. हा सारा टापू पर्जन्यछायेचा. पाऊस बेभरवशाचा आणि वैशाखातील ऊन प्रखर. अशा ठिकाणीही अंगणात फुलझाड असावे ही हौस घरोघर दिसते, हे पाहून आम्हांस संतोष वाटला.

परदेशी गेलेली मुले-नातवंडे तिकडील ‘लायलॅक’ची फार स्तुती करितात. परंतु ते झाड मूळचे बाल्कन प्रदेशातील. हिवाळ्यात दीर्घकाळ थंडी मिळाल्यावाचून ते नीट फुलत नाही. मराठवाड्यात त्याची आशा व्यर्थ होय. मात्र त्याच्याच कुळातील एक आप्त आपल्या चांगल्या परिचयाचा आहे. तो म्हणजे पारिजातक. मोगरा, जाई हीही त्याच कुळातील.

पारिजातकास पाण्याच्या तुटीपेक्षा मुळाशी साचलेल्या पाण्याचे भय अधिक. काळी माती पाणी धरून ठेविते व उन्हाळ्यात भेगाळून मुळे तोडते. म्हणून जागा किंचित उंच व उन्हाची निवडावी. दीड हात खोल खड्डा उन्हाळ्यातच खणून तापू द्यावा. मातीत मुरूम व कुजलेले शेणखत मिसळावे. मृगाच्या पहिल्या सरीस भुलू नये. आर्द्रा-पुनर्वसूत, जमीन खोलवर भिजल्यावर रोप लावावे.

लहान झाड हलवावयाचे असल्यास चैत्रात, पाने झडलेली असताना, फांद्या छाटाव्या. बुंध्यापासून हातभर अंतरावर अर्धा चर खणून तो खतमातीने भरावा व ओला ठेवावा, म्हणजे तेथे नवी तंतुमुळे फुटतात. पाऊस स्थिरावल्यावर उरलेला अर्धा चर खणून, मातीचा गोळा न फोडता ओल्या गोणपाटात बांधून झाड उचलावे व पूर्वीइतक्याच खोलीवर बसवावे.

जुने झाड मात्र हलवू नये. येथील एका वाड्याच्या वाटणीत भिंतीची रेघ आईने लाविलेल्या पारिजातकावरून जात होती. दोघे भाऊ पुष्कळ दिवस अडून बसले. अखेर धाकट्याने भिंत हातभर आपल्या बाजूस घेऊ दिली. सत्यभामेच्या अंगणातील पारिजातकाची फुले रुक्मिणीच्या दारी पडत, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. या वाड्यातही आश्विनात पहाटे दोन्ही घरच्या सुना परड्या घेऊन येतात, आणि सडा भिंतीच्या दोन्ही अंगांस असतो.