न सापडलेली माणसं

आमच्या अहवालात एक आकडा चुकीचा छापला गेला, आणि तो मी लिहिला होता. तुळजापूर तालुक्यातल्या काही गावांत आणि तांड्यांवर तंबाखू सोडवण्याचा एक छोटा उपक्रम आम्ही चालवला. किती जणांनी सोडली, कशामुळे सोडली, किती टिकली याचा अभ्यास त्याला जोडलेला होता. अहवालात मी लिहिलं की, सल्ला घेतलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांची तंबाखू सुटली. बैठकीत टाळ्या पडल्या, पुढच्या वर्षाचे पैसे मंजूर झाले. तो आकडा कसा तयार झाला, हे सांगण्यासाठी लिहिते आहे. असं काम करणारी माणसं आज जिल्ह्याजिल्ह्यात आहेत आणि तसाच आकडा त्यांच्याही हातून लिहिला जाईल, अशी मला खरोखर भीती वाटते.

सुरुवातच चुकली होती. प्रश्नावली बाहेरून आलेली, सिगारेट ओढणाऱ्यांसाठी बेतलेली. उठल्यावर किती वेळात पहिली सिगारेट पेटवता, दिवसाला किती ओढता, असे प्रश्न. मी ते मराठीत आणले आणि गावात गेले. 2016-17 च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ 3.8 टक्के होते, तर धुराविना तंबाखू वापरणारे 24.4 टक्के. हे आकडे मला पाठ होते. तरी हातातला कागद मी बदलला नाही, कारण इतर ठिकाणच्या अभ्यासांशी तुलना करता आली पाहिजे असं वाटत होतं. पारावर बसलेली माणसं सांगायची, "बिडी-काडी काय बी नाही बघा आपल्याला," आणि बोलता बोलता खालच्या ओठाआडचा बार जिभेनं सावरायची. कागदावर 'नाही'पुढे खूण व्हायची.

बायकांना तंबाखू खाता का विचारलं की मान आडवी हलायची. सोबतच्या आशाताई एकदा म्हणाल्या, "मॅडम, सकाळच्या पारी चुलीपाशी येऊन बसा, मग इचारा." मी गेले. तव्यावर तंबाखू काळी पडेपर्यंत भाजली जात होती. धुरानं डोळ्यांत पाणी येत होतं, घरात सगळ्यांना ठसका लागला होता. भाजलेली तंबाखू हातानंच चुरून मिश्री डबीत भरली गेली. सासूनं बोटानं दातांवर फिरवली, मग सुनेनं, ओसरीच्या कोपऱ्यात तोंड वळवून. चूळ भरायच्या आधी ती बराच वेळ तशीच बसून राहिली. नंतर तिला एकटीला गाठलं तेव्हा म्हणाली, मिश्री लावली की भूक मरते आणि कामाला लागता येतं. सासूसमोर विचारलं होतं तेव्हा तिचं उत्तर 'नाही' होतं. त्याच सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या तंबाखू वापरणाऱ्या बायकांचं प्रमाण 17 टक्के होतं. आमच्या पहिल्या फेरीत तशी बाई जवळजवळ सापडलीच नव्हती. आम्ही प्रश्न बदलले, बायकांशी एकटं बोलायला लागलो आणि फेरी पुन्हा केली. ही चूक निदान वेळेत उमगली.

सल्ल्याचं काम भाद्रपदात सुरू झालं आणि पहिली मोजणी दसऱ्यानंतर लगेच झाली. गेल्या सात दिवसांत तंबाखू घेतली का, हा आमचा प्रश्न. जगभर असा प्रश्न विचारला जातो, त्यात गैर काही नाही. पण तुळजापूरच्या आसपास नवरात्र कसं पाळतात हे मला माहीत असायला हवं होतं. घटस्थापनेपासून माणसं अनवाणी चालतात. पोरं देवीच्या दारातून ज्योत पेटवून गावाकडे धावत जातात. मटण-दारू बंद होते आणि काही जण तंबाखूही बंद ठेवतात. आम्ही ते दिवस मोजले आणि श्रेय आमच्या सल्ल्याला दिलं. एका गावातल्या टपरीवाल्यानं सरळ सांगितलं, "ताई, नऊ दिवस पुडी खपत नाही. कोजागिरी झाली की पुन्हा सुरू."

त्यातली खरी हळहळ वेगळीच आहे. तंबाखू सोडल्यावरचे पहिले काही दिवस सगळ्यात अवघड असतात: चिडचिड, झोप न लागणं, तोंडाला सतत काहीतरी हवं असणं. देवीच्या नावानं या माणसांनी ते दिवस स्वतःच्या बळावर काढलेले होते. आम्ही दसरा ते कोजागिरी या पाच दिवसांत त्यांच्यापाशी बसलो असतो, तर त्यातल्या काहींची तंबाखू कायमची सुटली असती असं मला वाटतं. आम्ही त्या दिवसांत तक्ते भरत होतो.

टपरीवाल्याचं ऐकल्यावर मी दुसऱ्या टोकाला गेले. तोंडी उत्तरावर विश्वास नको, लघवी तपासू, असं ठरवलं. निकोटिन शरीरात गेलं की त्याचं कोटिनिन होतं आणि ते काही दिवस लघवीत सापडतं. ते दाखवणाऱ्या पट्ट्या मागवल्या. सोडली म्हणून छातीठोकपणे सांगणाऱ्या एका गृहस्थांची पट्टी 'आहे' दाखवू लागली. मी चारचौघांत त्यांना म्हटलं, "काका, तुम्ही खरं सांगत नाही." ते काही बोलले नाहीत. खिशातून निकोटिनच्या गोळ्यांची पाकिटं काढून त्यांनी माझ्यापुढे ठेवली. चघळायच्या त्या गोळ्या आम्हीच दिल्या होत्या. त्यात निकोटिनच असतं, त्यामुळे त्या घेणाऱ्याच्या लघवीत कोटिनिन येणारच. पुस्तकात वाचलेली ही गोष्ट त्या क्षणी माझ्या डोक्यात आली नाही. त्यांची मी सगळ्यांसमोर माफी मागितली. पण ते पुन्हा आमच्या बैठकीला आले नाहीत.

त्या गोळ्यांबद्दलही आम्ही नीट सांगितलं नव्हतं. दोन-चारदा चावायची, झणझणली की गालात धरून ठेवायची, मग पुन्हा चावायची. आमच्या लोकांनी ती भराभर चावली, उचक्या लागल्या, मळमळलं आणि पाकिटं फळीवर पडून राहिली. अहवालात मात्र मी 'गोळ्या वाटल्या' एवढंच लिहिलं.

आता त्या आकड्याकडे येते. सहा महिन्यांची मोजणी माघात आली. दसरा-दिवाळीनंतर आमच्या गावांतून आणि तांड्यांवरून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात फडावर जातात आणि गुढीपाडव्याच्या सुमारास परततात. माघात आमची पोरं तांड्यावर गेली तेव्हा दारांना कुलुपं होती; म्हातारी माणसं आणि शाळेतली मुलं तेवढी मागे. पोरांनी प्रामाणिकपणे त्या नावांपुढे 'स्थलांतर' लिहून आणलं. मी त्या ओळी तक्त्यातून काढून टाकल्या आणि जे सापडले त्यांच्यात टक्केवारी काढली. निम्म्याहून अधिक हा आकडा तिथून आला.

हे नियमाला धरून आहे अशी मी स्वतःची समजूत घातली होती. धूम्रपान सोडवण्याच्या संशोधनात 2005 साली रॉबर्ट वेस्ट आणि सहकाऱ्यांनी 'रसेल स्टँडर्ड' नावाची कसोटी मांडली. तिच्यानुसार निदान सहा महिने सुटलेली असावी आणि जो माणूस शेवटी भेटत नाही तो ओढतोच आहे असं धरावं. त्यात एक सूट आहे. जो वारला किंवा घर बदलून गेला आणि ज्याचा नवा पत्ता लागत नाही, त्याला वगळता येतं. त्या सुटीचा मी आधार घेतला. आमच्या माणसांचा पत्ता मात्र लागत होता. कोणती टोळी कोणत्या कारखान्यावर गेली हे गावात सगळ्यांना माहीत होतं. मुकादमाचा फोन नंबर आशाताईंकडे होता. मी विचारलाच नाही.

सगळ्यात मोठा धडा तर आमच्याच जिल्ह्यात पडलेला होता. 1999 पासून टाटा स्मारक रुग्णालय, बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालय आणि लिऑनची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी उस्मानाबाद जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा मोठा अभ्यास केला. 30 ते 59 वयाच्या 1,31,746 बायका त्यात होत्या. 2009 साली निष्कर्ष आले: एचपीव्ही या विषाणूच्या चाचणीच्या गटात या कर्करोगानं 34 मृत्यू, तपासणी न मिळालेल्या गटात 64. तपासणीविना ठेवलेल्या या गटावरून पुढे नैतिकतेचा वाद झाला, आणि तो वाद मला योग्य वाटतो. पण मोजणीत त्यांनी काय केलं ते बघा. चाचणीच्या गटात 34,126 बायका होत्या. प्रत्यक्ष तपासणीला आल्या 27,192. ज्या आल्याच नाहीत त्यांनाही त्यांनी गटातून काढलं नाही. त्यांचे मृत्यूही त्याच गटाच्या नावावर मांडले. म्हणून तो निष्कर्ष जगानं मानला. आणि त्याच जिल्ह्यात मी कुलूप दिसलं की ओळ खोडत होते.

पाडव्यानंतर मी तांड्यावर गेले, ते खरं तर दुसऱ्याच कामासाठी. एक गडी भेटला, आमच्या पहिल्या यादीतला. नवरात्रात त्यानं सोडली होती, दिवाळीपर्यंत टिकवलीही होती. मी विचारलं, मग काय झालं? "ताई, दिवसभर तोड, अन् रातच्याला गाडी भरायची. मोळी डोक्यावर, पाय फळीवर. डोळा लागला तर खाली येतंय माणूस. एक बार भरला की जाग राहती." त्याची बायको शेजारी उभी होती. तिची मिश्री फडावर दिवसातून तीनदा-चारदा झाली होती. आमच्या सल्ल्यात रात्रीची गाडी कुठेच नव्हती, उपाशीपोटी पहाटे सुरू होणारी तोड नव्हती. घराबाहेर पडून फिरून या, बडीशेप चघळा, असं आम्ही सांगितलं होतं.

त्यानंतर आशाताईंनी आणि मी यादीतल्या सगळ्यांना गाठलं. जे तरीही भेटले नाहीत त्यांना 'सुटली नाही' यात धरलं. आकडा कितीतरी खाली आला. मी दुरुस्तीचं पत्र पाठवलं. काही जण नाराज झाले. मूळ अहवाल जिथे जिथे गेला होता तिथे सगळीकडे ते पत्र पोचलं नाही, याची मला आजही बोचणी आहे.

लहान आकड्याची लाज मला वाटत होती, ती वाटायला नको होती. मायकेल रसेल यांनी 1979 मध्ये लंडनमधल्या 28 डॉक्टरांच्या 2,138 धूम्रपान करणाऱ्या रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या एका गटाला डॉक्टरांनी एक-दोन मिनिटं सल्ला दिला, पत्रक दिलं, पुन्हा विचारू असं सांगितलं. वर्षअखेर त्या गटातल्या 5.1 टक्क्यांची सिगारेट सुटलेली होती. काहीच न सांगितलेल्यांत 0.3 टक्के. पाच टक्के ऐकायला थोडे वाटतात. तालुक्याच्या प्रत्येक दवाखान्यात प्रत्येक रुग्णाला ती दोन मिनिटं मिळाली, तर किती माणसं वाचतील याचा विचार करा.

असं काम करणाऱ्यांना माझी विनंती आहे: आमच्या भागात शेवटची मोजणी पाडव्यानंतर ठेवा, मुकादमाचा नंबर पहिल्याच दिवशी घ्या आणि फडावर जा. आणि ज्यांना स्वतःला सोडायची आहे त्यांच्यासाठी 1800-11-2356 हा मोफत नंबर आहे. तंबाखूच्या पुडीवरही तो छापलेला असतो. फोन फडावरूनही लागतो.