जग चालवण्याचे काम

गेल्या भाऊबीजेला मी एका राज्याचा विधाता झालो, आणि पहिल्या दहा मिनिटांतच ते राज्य बुडाले!

त्याचे असे झाले. भाचा आला तो एक खेळ घेऊन. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ त्याचे नाव. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांनी रचलेला हा खेळ १९७४ साली प्रसिद्ध झाला. कागद, पेन्सिली आणि तऱ्हेतऱ्हेचे फासे (त्यांतला एक तर वीस बाजूंचा!) एवढ्यावर तो भागतो. बाकीचे गडी एकेक पात्र होतात. एकजण मात्र उरलेले सगळे जग होतो. वादळ तोच, दरोडेखोर तोच, खानावळवालाही तोच. “मामा, तुम्ही गप्पिष्ट. हे काम तुमचे,” असा निकाल लागला.

मी रात्र जागवून राजाच्या सात पिढ्या रचल्या. दुसऱ्या दिवशी त्या वाचू लागलो, तर तिसऱ्या पिढीला एकाने जांभई दिली आणि चौथीला चकल्यांचा डबा उघडला. धाकटी भाची तर कोपऱ्यात गप्पच होती. बोलताना ती अडखळते, म्हणून चारचौघांत तोंड उघडत नाही.

मी वंशावळ बाजूला सारली. दिवा मालवून मध्ये एक पणती ठेवली. पितळी डब्यात मूठभर ज्वारी घालून हलकेच हलवली. पाऊस पडू लागला! चहाच्या पाण्यात बुडवून वाळवलेले एक पत्र भाच्याने आणलेच होते, ते सर्वांच्या हाती फिरवले. वातावरणाला एवढे पुष्कळ होते. मग आवाज उतरवून म्हणालो, “वाड्याचे दार बंद आहे. आत कोणीतरी चालते आहे. तुम्ही काय करता?”

आणि गप्प बसलो. नवशिक्याला सर्वांत कठीण जाते ते हेच.

“मी... मी... दार वा... वाजवते.”

वाक्य माझ्या ओठांवर तयार होते. ते मी गिळले. तिने फासा टाकला. तीन! वीसपैकी तीन म्हणजे फजिती. ‘दार उघडत नाही’ म्हटले असते, तर ती पुन्हा कोपऱ्यात गेली असती. आणि तिच्यासाठी लबाडी करावी, तर फासा सर्वांसमोर पडलेला. पण अपयशानेही गोष्ट पुढे सरकते, हे त्या क्षणी सुचले.

“दार उघडत नाही,” मी म्हणालो, “पण आतून कोणीतरी विचारते, ‘कोण आहे?’”

तिने उत्तर दिले. नाव, गाव, कशासाठी आलो, सारे सांगितले. मिनिटभर तरी लागले असेल. कोणी घाई केली नाही. मी ज्वारीसुद्धा हलवली नाही.

वंशावळ सकाळी चकल्यांच्या डब्याखाली सापडली, तेलाने पार डागाळलेली. ती जपून ठेवली आहे. यंदा जुने पत्र म्हणून कामाला येईल.