प्यादे, शेतकरी आणि पायदळ

बुद्धिबळ हा भाषेवाचून चालणारा व्यवहार आहे, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. पटाच्या दोन बाजूंना बसलेल्यांना एकमेकांची भाषा येत नसली तरी डाव अडत नाही, हे खरेच आहे. मात्र खेळाचे नियम बदलले की हे विधान अपुरे पडते. बदललेला नियम सांगावा लागतो, आणि सांगायचे म्हटले की भाषा आलीच. आम्ही दोघे एकाच महाविद्यालयात मराठी शिकवतो. आमच्यापैकी एक पटाचा जुना शौकीन, तर दुसऱ्याला उंट तिरका चालतो एवढीच काय ती माहिती. गेले वर्षभर आम्ही ह्या प्रश्नात गुंतलो आहोत. निमित्त झाले ते 'लीचेस' ह्या संकेतस्थळाचे.

थिबो द्युप्लेसी ह्या फ्रेंच प्रोग्रामरने २०१० साली हे स्थळ सुरू केले. एका माणसाच्या हौसेतून निघालेला हा छोटा उद्योग पुढे जगभरातल्या स्वयंसेवकांनी वाढवला. ते नफ्यासाठी चालत नाही. त्यावर जाहिराती नाहीत, देणग्यांवर सर्व खर्च भागतो, आणि त्याचा प्रोग्राम कोणालाही वाचता यावा असा खुला आहे. ह्या वाढीच्या दोन दिशा आम्हांला विशेष लक्षणीय वाटतात. एक, मूळ खेळाच्या जोडीला त्याचे निराळ्या नियमांचे प्रकार दाखल होत गेले. दुसरी, खेळाडूला दिसणारी वाक्ये शंभराहून अधिक भाषांत उतरवली गेली, आणि तीही प्रामुख्याने स्वयंसेवकांकडून. मराठी त्यांपैकी एक आहे.

निराळ्या नियमांच्या ह्या प्रकारांना आम्ही आपसांत 'पाठभेद' म्हणू लागलो. साहित्याच्या अभ्यासकाला हा शब्द उलगडून सांगण्याची गरज नाही. मूळ संहिता ओळखता येते, तरी एखादी ओळ अशी बदललेली असते की सबंध रचनेचा अर्थ फिरतो. 'अ‍ॅटॉमिक' प्रकारात मोहरा मारला की स्फोट होतो. मारणारा मोहरा त्यात जातो आणि भोवतालच्या आठ घरांतले प्याद्यांखेरीज सर्व मोहरेही जातात. 'अँटीचेस'मध्ये मारणे शक्य असेल तेव्हा मारावेच लागते, राजाला काही विशेष मान नसतो, आणि ज्याचे सगळे मोहरे आधी संपतात तो जिंकतो. 'क्रेझीहाउस'मध्ये मारलेला मोहरा बाद होत नाही. तो रंग बदलून मारणाऱ्याच्या हाती येतो आणि पुढे त्याच्याच बाजूने पटावर उतरतो. बॉबी फिशरने १९९६ साली ब्वेनोस आयरेस येथे जाहीर केलेल्या प्रकारात मागच्या रांगेतल्या मोहऱ्यांची मांडणी सोडतीने ठरते. ह्या मांडण्या एकूण ९६० होतात, म्हणून त्याचे नावच 'चेस ९६०' पडले.

अशा पाठभेदांची एक जुनी अडचण आहे, ती म्हणजे प्रतिस्पर्धी मिळत नाही. नेहमीचे बुद्धिबळ खेळणारा माणूस प्रत्येक गावात सापडेल. पण स्फोटाचे बुद्धिबळ खेळू इच्छिणारे तालुक्यात दोघे असले, तरी त्यांची गाठ पडेलच असे नाही. एखाद्याने घरी बसून सुंदर नियम रचले, तरी समोर माणूस नसेल तर तो खेळ वहीतच राहतो. दूरस्थ खेळाने ही अडचण बऱ्याच अंशी दूर केली. येथे भाषांतराचे महत्त्व वेगळ्याच प्रकारे ध्यानात येते. प्रत्येक भाषेसाठी निराळे स्थळ असते, तर आधीच मोजके असलेले खेळाडू आणखी विभागले गेले असते. पट एकच ठेवून त्याभोवतीचे शब्द प्रत्येकाला त्याच्या भाषेत दाखवले, तर कोल्हापूरचा खेळाडू आणि क्राकोचा खेळाडू एका डावात बसू शकतात. दोघांनाही आपण परक्या घरी आलो आहोत असे वाटत नाही. खेळी नियमात बसते की नाही हे मधला सर्व्हर तपासतो, त्यामुळे वादाला जागा नाही. उरतो तो केवळ शब्द.

आणि शब्दाशी गाठ पडली की मराठीचे व्याकरण आपला हक्क मागते. असे भाषांतर सलग मजकुराचे नसते. सुटी वाक्ये येतात, आणि त्यांत मध्येच एक रिकामी जागा असते, जिथे यंत्र खेळाडूचे नाव भरणार असते. इंग्रजी क्रियापदाला त्या नावाचे लिंग विचारावे लागत नाही. मराठीत 'जिंकला' म्हणावे की 'जिंकली' हे ठरवल्याशिवाय वाक्य पुरे होत नाही, आणि टोपणनावावरून ते कळायचे कसे? मग क्रियापदच टाळून 'अमुक यांचा विजय' अशी रचना करावी लागते. विभक्तीचे त्याहून अवघड आहे. मराठीत प्रत्यय लागण्यापूर्वी नामाचे सामान्यरूप होते, यंत्राला मात्र ते ठाऊक नसते. तेथे 'यांनी', 'यांना', 'यांचा' ही आदरार्थी सर्वनामे मदतीला धावतात. 'अमुक यांनी डाव सोडला.' वर्गात आम्ही सामान्यरूप शिकवतो तेव्हा मागच्या बाकांवर जांभया सुरू होतात. ह्या उदाहरणाने तेच बाक जागे झाल्याचे आम्ही पाहिले आहे.

'डाव सोडला' ह्या दोन शब्दांसाठीही थोडा विचार करावा लागतो. मूळ इंग्रजी क्रियापदाचा कोशातला पहिला अर्थ 'राजीनामा देणे' असा आहे, आणि केवळ कोश उघडून काम करणारा तोच लिहील. परंतु पटावर बसलेला मराठी माणूस राजीनामा देत नाही, डाव सोडतो. 'तू' म्हणावे की 'तुम्ही', हाही प्रश्नच आहे. खेळाडू दहा वर्षांचा असू शकतो किंवा सत्तरीचा. 'तुमची खेळी' हे दोघांनाही चालते, तर 'तुझी खेळी' सत्तरीच्या माणसाला खटकते.

मोहऱ्यांच्या नावांचा इतिहास तर स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे. चतुरंगातला हत्ती पर्शियन-अरबीतून पश्चिमेकडे गेला आणि स्पॅनिशमध्ये 'अल्फिल' झाला. हा शब्द आज तिथे तिरक्या चालीच्या मोहऱ्याचे नाव आहे. रशियनमध्येही त्या मोहऱ्याला हत्तीच म्हणतात. इंग्रजांनी त्याला धर्मगुरू केले, फ्रेंचांनी विदूषक, जर्मनांनी धावणारा. आपल्याकडे तो उंट झाला आणि हत्ती कोपऱ्यात जाऊन सरळ चालू लागला. बंगालीत कोपऱ्यातला मोहरा नौका आहे. आपला वजीर पर्शियनमध्ये 'फर्झीन' होता, आणि जुन्या मराठीत 'फर्जी' हा शब्द त्याच वाटेने आला. युरोपात त्याची राणी झाली. पंधराव्या शतकाच्या अखेरीस स्पेनच्या परिसरात तिला आजची लांब पल्ल्याची चाल मिळाली. शह, काटशह, मात हे शब्द तर पटावरून उठून आपल्या राजकीय वार्तांकनात कायमचे राहायला आले आहेत.

ही सगळी माहिती आम्हांला पुस्तकांतून होती. तिला माणसांचे चेहरे मिळाले ते अण्णांमुळे. अण्णा हे आमच्यापैकी एकाचे वडील. शेतकरी कुटुंबात जन्मले, सातवीपर्यंत शिकले आणि पुढे आयुष्यभर यंत्रे दुरुस्त करण्याचे काम केले. त्यांची नात जर्मनीत जन्मली आणि तिथेच वाढली. तिला मराठी कळते, बोलताना मात्र ती शब्दांसाठी थांबते. आजोबा-नातीचे फोन 'जेवलीस का', 'थंडी आहे का' ह्या दोन प्रश्नांवर संपत. दोघांनाही अधिक बोलायचे असे, पण बोलण्याला विषय नसे. विषय नाही म्हणून शब्द नाहीत, आणि शब्द नाहीत म्हणून विषय नाही, असे ते चक्र होते. परदेशात नातवंडे असलेल्या घरांना ते ओळखीचे असेल.

त्या दोघांचा डाव आम्ही लीचेसवर लावून दिला. एका खेळीला दिवसभराची मुदत देता येते, त्यामुळे वेळेतला फरक आड येत नाही. अण्णांच्या पडद्यावर मराठी, नातीच्या पडद्यावर जर्मन, आणि मधला पट एकच. काही दिवसांतच फोन लांबू लागले.

"आजोबा, तुम्ही माझी डामे घेतली."

"डामे म्हणजे कोण गं?"

"ती... मोठी. राजाच्या बाजूची. बाई."

"अगं, तो वजीर! बाई कुठली?"

जर्मनमध्ये वजिराला 'डामे' म्हणजे बाई म्हणतात, उंटाला धावणारा आणि घोड्याला उडी मारणारा. प्याद्याचे जर्मन नाव 'बाउअर', म्हणजे शेतकरी. हे कळल्यावर अण्णा बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "म्हणजे सगळ्यांत पुढं उभा शेतकरी, आणि सगळ्यांत आधी मरणार तोच. त्या लोकांनी नाव बरोबर ठेवलंय." त्या दिवसापासून नात त्यांच्या प्याद्यांना 'शेतकरी' म्हणते आणि अण्णा तिच्या वजिराला 'बाई'. दोघांचेही शब्द एकमेकांकडे गेले. 'सरकवणे', 'अडवणे', 'जोर देणे', 'कोंडणे' ही क्रियापदे त्या मुलीच्या बोलण्यात आली, ती कोणत्याही पाठ्यपुस्तकातून आलेली नाहीत.

अण्णांची एक तक्रार मात्र कायम आहे. ते देशी पद्धतीने शिकले. त्या पद्धतीत प्यादे पहिल्या खेळीलाही एकच घर चालते. किल्लेकोट नसतो, त्याऐवजी राजाला एकदा घोड्याची चाल मिळते. शेवटच्या घरात पोचलेले प्यादे ज्या मोहऱ्याच्या घरात पोचले, तोच मोहरा होते. प्रदेशाप्रदेशाने ह्यात फरक होते, पण ती आपली संहिता होती. आज आपण ज्याला बुद्धिबळ म्हणतो तो वस्तुतः युरोपातून परत आलेला पाठभेद आहे. हे परतणे फार जुने आहे. त्रेवंगडाचार्य शास्त्री यांच्या संस्कृत ग्रंथाचे इंग्रजी रूपांतर मुंबईत १८१४ साली छापले गेले. त्यातले डाव युरोपीय पद्धतीशी जुळवून घेतले आहेत, हे त्याच्या शीर्षकातच नमूद आहे. सत्यजित राय यांच्या 'शतरंज के खिलाडी' (१९७७) ह्या चित्रपटात वजिराच्या जागी राणी आणणारे विलायती नियम लखनौच्या दोन नवाबांच्या कानी पडतात, आणि त्याच सुमारास त्यांचे राज्यही हातचे जात असते. नियमांचे भाषांतर निरागस नसते, एवढे तरी ह्यावरून म्हणता येईल. अण्णा नव्या नियमांनी खेळतात, कारण नात त्याच नियमांनी खेळते. त्यांच्या दृष्टीने तो सौदा महाग नाही.

पुढे नातीनेच त्यांना 'होर्ड' नावाचा प्रकार खेळायला बोलावले. पांढऱ्याकडे राजा नाही, वजीर नाही, काहीच नाही, फक्त छत्तीस प्यादी. काळ्याकडे नेहमीचे सैन्य. पांढऱ्याने काळ्या राजाला मात द्यायची, काळ्याने पांढरे सगळे मोहरे मारायचे. अण्णांसाठी आणि महाविद्यालयातल्या मुलांसाठी आम्ही ह्या प्रकारांच्या नियमांचे एक मराठी पत्रक करत होतो. नावाशी येऊन अडलो. 'होर्ड' हा शब्द तुर्की 'ओर्दू'वरून आला, म्हणजे छावणी. आपल्या शेजारच्या 'उर्दू' भाषेचे नावही त्याच मुळाचे. इंग्रजीत मात्र त्याला रानटी टोळीचा वास चिकटला. कोशाप्रमाणे जवळचा मराठी शब्द 'झुंड'. आमच्यापैकी एकाचे मत 'झुंड'च ठेवावे असे होते, कारण मूळ शब्दातला तुच्छतेचा भाव लपवण्याचा अधिकार भाषांतरकाराला नाही. दुसऱ्याचे म्हणणे असे की नाव मोहऱ्यांच्या वागण्यावरून ठरावे, दुरून पाहणाऱ्याच्या नजरेवरून ठरू नये. हा वाद स्टाफरूममध्ये चार दिवस चालला आणि त्यात समाजशास्त्र विभागही ओढला गेला.

अण्णांना विचारले, तर ते चष्मा पुसत म्हणाले, "झुंडीला कुणी एकमेकाला जोर देत नाही. हे बघा, प्रत्येक प्यादं शेजारच्याला राखून उभं आहे. झुंड कशी म्हणता?" पटाच्या अंगाने हे अचूक आहे. छत्तीस प्याद्यांचे बळ तिरक्या जोराच्या साखळीत असते. साखळी तुटली की काळा एकेक करून ती टिपतो. आम्ही पत्रकात 'पायदळ' हा शब्द घातला. 'प्यादे' आणि 'पायदळ' ह्या दोन्ही शब्दांत पाय आहे, हे त्याचे भाषिक समर्थन. खरे कारण अण्णांचे वाक्य हेच होय. 'झुंड'वाल्या सहकाऱ्याने आपला मतभेद कायम ठेवला असून त्याचीही नोंद येथे करणे न्याय्य ठरेल.

एम.ए.च्या भाषांतरविद्येच्या तासाला आम्ही आता कवितेच्या आधी हा स्वाध्याय देतो. एका प्रकाराचा नियम पन्नास शब्दांच्या आत मराठीत लिहायचा आणि कागद दुसऱ्या विद्यार्थ्याच्या हाती द्यायचा. त्याने लिहिणाऱ्याला काहीही न विचारता डाव खेळून दाखवायचा. जिथे तो अडखळेल तिथे वाक्य दुरुस्त करायचे. कवितेच्या भाषांतराचे बरेवाईट ठरवताना आपण वर्षानुवर्षे वाद घालतो, इथे निकाल दहा मिनिटांत लागतो. मागल्या आठवड्यात 'मारलेला मोहरा हाती येतो' ह्या वाक्यावर एक मुलगी थांबली. 'कोणाच्या हाती?' असा तिचा प्रश्न होता. त्यावर वर्गात जी चर्चा झाली ती तास संपल्याची घंटा होऊनही थांबली नाही. सुधारलेले वाक्य अद्याप फळ्यावरच आहे, त्याखाली 'पुसू नये' असे कोणीतरी लिहून ठेवले आहे.