डब्यात डबा, त्यात डबा

पालकसभेची सूचना असो की प्रमाणपत्र, मजकूर तोच असतो. बदलतं ते फक्त मुलाचं नाव. त्यासाठी मी पायथॉनमधली एक छोटी आज्ञावली वापरते. साच्यात दुहेरी महिरपी कंसात 'नाव' लिहायचं, कमांड दिली की तिथे खरं नाव येतं. पण ती एका वेळी एकच फाईल घ्यायची. आपल्याकडे तर इयत्तेचं फोल्डर, त्यात तुकडीचं, त्यात साचे!

मग तिला आत शिरायला शिकवलं. नियम सोपा आहे. फोल्डर उघड. फाईल दिसली तर भर. आत फोल्डर दिसलं तर तिथेही हेच कर. आणखी फोल्डर नसेल तिथून मागे फिर. याला रिकर्शन म्हणतात. पायथॉनमध्ये 'ओएस डॉट वॉक' वापरूनही अशी फेरी मारता येते.

खरी काळजी पुढे आहे. 'सूचना' ही फाईल पहिलीतही आहे, चौथीतही. तयार फाईली एकाच ठिकाणी टाकल्या तर मागून आलेली आधीची पुसते आणि पहिलीच्या पालकांच्या हाती चौथीची सूचना पडते. म्हणून आत जाताना धरलेली वाट जपायची: इयत्ता, तुकडी, फाईल, सगळं त्याच क्रमाने. फक्त वरचं फोल्डर वेगळं, आणि तेही साच्यांच्या फोल्डरबाहेर. नाहीतर पुढच्या वेळी ती स्वतःच्याच तयार फाईलींना साचे समजेल.

मुलांना आपण रोज हेच सांगतो ना? वस्तू ज्याची त्याच्याच जागी ठेवा.