कळ

राणीच्या मांडीवरचे केस भादरले होते. एवढी दांडगी, झिपरी कुत्री. पण त्या हातभर जागेपुरती ती तान्ह्या बाळासारखी उघडी, गुलाबी दिसायची. गुडघ्यातला तुटलेला अस्थिबंध, त्यावरची शस्त्रक्रिया, बारा टाके. ती विव्हळत नव्हती, आणि पहिले दोन दिवस मला त्याचंच बरं वाटत होतं. आजही ते आठवलं की जीव कसनुसा होतो.

कुत्रं दुखणं गिळतं. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मला बघायला शिकवलं. टाक्यांकडे वळून वळून पाहणं, मागे पडलेले कान, उठताना अंग चोरणं. ग्लासगोत अशा खुणांची एक मोजपट्टीच तयार झाली आहे. तीत जखमेपासून दोन इंचांवर हलकेच दाबून बघायचं असतं. मी दाबलं. राणीनं नुसती मान वळवून माझ्या हाताकडे पाहिलं.

मग दुखणं दबवणारी विजेची डबी आली. मुठीएवढी, दोन तारा, चार चिकट पट्ट्या. केसांतून वीज नीट जात नाही, म्हणून भादरलेल्या कातडीवर, टाके सोडून, दोन्ही बाजूंना. “आधी स्वतःच्या हाताला लावा,” फिजिओथेरपिस्ट बाई म्हणाल्या. मनगटात मुंग्या आल्या. सेकंदाला शंभरेक ठोके, वीस मिनिटं. डबीवरची कळ इतकी हळू फिरवायची, की स्नायू आवळता कामा नये.

लहानपणी उंबऱ्याला ठेच लागली की आजी अंगठा मुठीत धरून चोळायची. चोळल्यानं दुखणं का थांबतं, हे 1965 साली रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी मांडलं. स्पर्शाचा निरोप जाड, वेगवान तंतूंतून धावतो, रेंगाळणारी कळ बारीक तंतूंतून मागून येते. आधी पोचलेला स्पर्श पाठीच्या कण्यातलं दार लोटून घेतो. दोनच वर्षांनी वॉल यांनी विल्यम स्वीट यांच्याबरोबर असा प्रवाह वापरून पाहिला, तोही आधी स्वतःच्या डोळ्याखालच्या नसेवर. हे वाचलं तेव्हा मला त्या दोघांविषयी माया वाटली.

गोळ्या चालूच होत्या. डबी त्यांची जागा घेत नाही. (आपल्या घरातली आयब्युप्रोफेन मात्र कुत्र्याला कधीच देऊ नये. पोटात व्रण पडतात, मूत्रपिंडं जातात.) कुत्र्यांवरचा या उपचाराचा अभ्यासही अजून थोडाच आहे. मी विसंबले ते राणीच्या श्वासावर. सातव्या-आठव्या मिनिटाला तो लांब व्हायचा, जबडा सैलावायचा, हनुवटी माझ्या पावलावर टेकायची. डबी बंद झाल्यावरही मी तळवा त्या उघड्या कातडीवर ठेवून बसायचे. आजीची मूठ आठवायची.

दुसऱ्या आठवड्यात डबीच्या पिशवीची चेन वाजली, आणि मी बोलवायच्या आत राणी चटईवर येऊन कुशीवर वळली. दुखरा पाय वर ठेवून.