कवच उतरवताना

कर्णाने कवच काढून दिले आणि प्रेक्षागृहात हशा पिकला. गोष्ट तीस वर्षांपूर्वीची. कर्ण मी होतो.

कवच पुठ्ठ्याचे होते. पुठ्ठ्यावर खळीने चिकटवलेले मांजरपाट, त्यावर सोनेरी बेगड. तालमीत ते पाठीमागे हुकांनी अडकवत होतो, पण हुक ऐन वेळी सुटत नसत आणि शल्य झालेला मित्र माझ्या पाठीशी उभा राहून खुडबुड करत बसे. म्हणून कुणीतरी वेल्क्रो सुचवला. प्रयोगाच्या दिवशी इंद्र हात पसरून उभा, मृदंग थांबलेला, आणि त्या शांततेत माझ्या खांद्याजवळून शाळेचे दप्तर उघडावे तसा ‘चर्रर्र’ आवाज निघाला. आधी एक लहान मूल हसले. मग सगळेच.

रात्री रंग पुसताना मी हिरमुसून बसलो होतो. आमचे दिग्दर्शक म्हणजे निवृत्त संस्कृत शिक्षक, आम्ही त्यांना सरच म्हणत असू. खोबरेल तेलाची बाटली माझ्यापुढे सरकवत ते म्हणाले, “आवाजाचं जाऊ दे रे. पुढच्या वेळी नाडी बांधू. पण देताना तू छाती का फुगवलीस? अंगावरचं काढून देणाऱ्याची छाती फुगत नाही. त्याला थंडी वाजते.”

नाडीचे पुढे जमले. थंडीचे जमायला फार वर्षे गेली.

नाटक होते ‘कर्णभार’. भासाचे म्हणायचे ते परंपरेने, कारण संहितेत नाटककाराचे नाव कुठेच नाही. १९०९ मध्ये टी. गणपतिशास्त्रींना त्रावणकोर संस्थानात ताडपत्रांवर ही नाटके सापडली, १९१२ पासून ती त्रिवेंद्रमहून छापून येऊ लागली, आणि तेराही नाटके भासाचीच का, यावर पंडितांचे एकमत अजून झालेले नाही. नटाला त्या वादाचे सोयरसुतक नसते. त्याला एवढे कळते की लिहिणाऱ्याने रंगमंच पायाखाली घातला होता. महाभारतात इंद्र कवचकुंडले मागायला येतो तो वनपर्वात, युद्ध अजून पुष्कळ लांब असताना. तिथे कर्णाला सूर्य स्वप्नात येऊन सावध करतो आणि कर्ण कवचाच्या बदल्यात शक्ती मागून घेतो. या नाटककाराने तो प्रसंग उचलला आणि थेट रणांगणाच्या तोंडाशी आणून ठेवला. शल्य सारथी आहे, समोर अर्जुन आहे, रथ निघालाय, आणि तेवढ्यात मागून कुणीतरी भीक मागतो. सावध करणारा बाप इथे नाही. मोबदल्याची मागणीही नाही.

नाटक एका अंकाचे. कर्ण पुन्हा पुन्हा शल्याला सांगतो, अर्जुन आहे तिथे रथ घे. आणि रथ काही पोचत नाही. आधी आठवणी आडव्या येतात, मग ब्राह्मणाच्या वेषातला इंद्र आडवा येतो. आम्ही रथ म्हणून काही आणलेच नव्हते. शल्याने लगाम धरल्यासारख्या मुठी पुढे करायच्या, मी त्याच्या मागे अर्ध्या पावलावर. तेच वाक्य प्रत्येक वेळी कसे म्हणायचे, हा प्रश्न मी तेव्हा आवाज चढवून सोडवला. पहिल्यांदा मध्यम, मग तार, शेवटी आणखी तार. टाळ्या पडल्या. स्पर्धेत बक्षीसही मिळाले, हशा पिकूनसुद्धा.

त्या टाळ्या माझ्या नव्हत्या, हे आता सांगायला हरकत नाही. महाराष्ट्रात कर्णाच्या भूमिकेला निम्म्या टाळ्या आधीच भरलेल्या असतात. शिवाजी सावंतांचे ‘मृत्युंजय’ १९६७ मध्ये आले आणि तेव्हापासून घरोघरी कर्ण आपला झाला. मुलाचे नाव कर्ण ठेवणारे आईबाप मला भेटलेत, अर्जुनापेक्षा तो थोर हे कॉलेजात हातघाईवर येऊन सांगणारे मित्र भेटलेत. मीही त्यातलाच. इरावतीबाई कर्व्यांच्या ‘युगान्त’मधला, झुकते माप न मिळालेला कर्ण मी वाचला होता आणि रागाने मिटून ठेवला होता. माझा कर्ण सगळ्यांनी फसवलेला होता. आईने फसवले, गुरूने फसवले, देवाने फसवले. रंगमंचावर मी पाऊल टाकायचो ते या यादीसकट.

सांगलीच्या माणसाला नाटकाचा अभिमान फार. १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ इथेच केले, हे आम्हाला आईच्या दुधाबरोबर पाजलेले असते. त्या अभिमानात एक खोट अशी की आम्ही भूमिका ‘गाजवतो’. ती कळायला वेळ लागतो.

मला ती कळली चोपन्नाव्या वर्षी. त्याच नाटकात इंद्र करताना.

एव्हाना सर राहिले नव्हते. त्यांच्याच एका विद्यार्थिनीने नाटक पुन्हा बसवायला घेतले. कर्णासाठी पंचवीस वर्षांचा, उंच, इंजिनिअर झालेला मुलगा. मला म्हणाली, “काका, तुम्ही शक्र करा.” (संहितेत त्याचे नाव शक्रच आहे.) मी जरा नाराजीनेच हो म्हटले. आठ-दहा मिनिटांचे काम, तेही खलनायकाचे.

पण ते काम काय सुरेख बांधलेय! हा देवांचा राजा भीक मागताना प्राकृतात बोलतो. संस्कृत नाटकात राजे, देव बोलतात संस्कृत. याने वेषाबरोबर भाषाही खाली उतरवली आहे. कर्ण हजार गाई देऊ करतो. हा म्हणतो, गाई म्हणजे घटकाभर दूध पिणे, नको. घोडे? घटकाभर बसणे, नको. हत्ती नको, सोने नको, जिंकलेली पृथ्वी नको, अग्निष्टोमाचे पुण्य नको. मग माझे मस्तक घ्या, असे कर्ण म्हणतो तेव्हा हा घाबरून शिव शिव करू लागतो. प्रत्येक नकाराबरोबर भाव वाढतो आहे आणि मागणारा तोंडाने काहीच मागत नाही. आमच्याकडे लग्नाच्या बोलणीत मुलाकडचे म्हणायचे ना, “आमचं काही मागणं नाही, तुम्ही काय ते समजून करा.” मी तोच सूर पकडला. तालमीत सगळे हसले आणि मग हसू हळूहळू विरले. मला वाटले, सापडला इंद्र.

शेवटी कर्ण कवचकुंडलांचे नाव काढतो आणि ब्राह्मणाला हर्ष लपवता येत नाही.

आता गंमत अशी की संहितेत त्याच क्षणी कर्णाला एक स्वगत आहे. म्हणजे याला हेच हवे होते तर. हा कृष्णाचा तर डाव नसेल? असो, तसे असेल तरी असो. इतके छोटे. तीस वर्षांपूर्वी ते मी पाठ केले होते, स्पष्ट उच्चारांत म्हटलेही होते, आणि मला ते ऐकू आले नव्हते! कारण माझ्या यादीतल्या कर्णाला फसवले जायचे होते. ज्याला कळलेय त्याला फसवणार कसे? त्याच्या आधी तर आणखी एक खूण आहे. ब्राह्मणाची पहिली हाक ऐकताच रथाचे घोडे कान टवकारून चित्रातल्यासारखे उभे राहतात. घोड्यांना कळले, ते कर्णाला कळले नसेल? पुढे शल्य ओरडून सांगतो, देऊ नका, देऊ नका. कर्ण त्याला थोपवतो.

आमच्या कर्णाने विचारले, “काका, मला नक्की कळतं कधी?”

“तुला काय वाटतं?”

“शल्य सांगतो तेव्हा.”

मीही तेव्हा हेच ठरवले होते. मी त्याला म्हटले, घोड्यांपासून कळायला लागू दे. घाई करू नकोस.

मग एका संध्याकाळी वाचनाला बसलो असता आम्ही मागे, शापाच्या गोष्टीपाशी गेलो. रथ थांबलेला असताना कर्ण शल्याला ती स्वतःच सांगतो. परशुरामाकडे अस्त्रे शिकायला गेलो. त्यांनी सांगितले की क्षत्रियाला शिकवत नाही. मी म्हटले, मी क्षत्रिय नाही. मग एकदा गुरू माझ्या मांडीवर डोके ठेवून झोपले, वज्रमुख नावाच्या किड्याने माझ्या दोन्ही मांड्या पोखरल्या, झोपमोड नको म्हणून मी हललो नाही. रक्ताने गुरू जागे झाले, क्षत्रिय ओळखला, शाप दिला: ऐन वेळी तुझी अस्त्रे निकामी होतील. तरुणपणी मी हे भाषण किड्यावर खर्च करत असे. वेदना, ओठ आवळणे, कपाळावरची शीर. किडा फार टाळ्या देतो.

त्या संध्याकाळी मी इंद्राच्या जागेवरून ऐकत होतो, म्हणजे मला काही करायचे नव्हते. आणि ऐकता ऐकता वाटले, अरे, ही तर माझीच गोष्ट आहे. एकजण आपली जात लपवून दात्यापुढे जातो. दाता देतो. जे एरवी मिळाले नसते ते घेऊन तो निघतो. कर्णाने परशुरामाशी जे केले, तेच मी, इंद्र, थोड्या वेळाने येऊन कर्णाशी करणार आहे. नाटकातली पहिली फसवणूक कर्णाची स्वतःची आहे, आणि ती त्याच्याच तोंडून आपल्याला कळते. नाटककाराने दोन सोंगे एकाच तासात समोरासमोर मांडलीत. फरक एवढाच की सोंग उघडे पडल्यावर परशुरामाने शाप दिला. कर्ण देत नाही.

शल्य म्हणतो, तुम्ही फसलात. कर्ण म्हणतो, नाही, मीच शक्राला फसवले. हे वाक्य मी छाती काढून म्हणत असे, जणू देवावर कुरघोडी केली. विद्वान त्यात दानशूराचा अभिमान वाचतात, आणि पुढच्या श्लोकाकडे पाहता त्यांचे चुकत नाही: यज्ञांनी तृप्त होणारा इंद्र आज माझ्यामुळे कृतार्थ झाला, असेच कर्ण म्हणतो. पण शापाच्या गोष्टीला लावून ते ऐकले की मला त्यात दुसरेही काही ऐकू येते. एक जुने देणे फिटल्याचा सुटकारा. सोंग घेऊन आलेल्याला शाप न देता परत पाठवणे, हे त्याला एकदा हवे होते. ते आज त्याने दुसऱ्याला दिले. ही माझी वाचनाची पद्धत. संहिता ती सक्तीने लादत नाही, पण आडही येत नाही.

मुलाला मी एवढेच सांगितले: ते वाक्य शल्याला म्हणू नकोस, शाप सांगताना ज्या कोपऱ्यात परशुराम पाहिलास, त्या कोपऱ्याकडे बघून म्हण. आवाज आपोआप खाली आला. छातीही आत गेली.

कवच आम्ही केलेच नाही. तो उघडा, अंगावर पिवळे उपरणे. दोन्ही हात खांद्यांवर जातात, तिथून कमरेपर्यंत सावकाश खाली येतात, मग कानांकडे. महाभारतात तो ते अंगातून कापून काढतो, वैकर्तन हे नाव त्यावरूनच सांगतात. म्हणून मुलाच्या बोटांना आम्ही थोडा अडथळा दिला, साल निघत नसलेल्या फळासारखा. दिवे सांभाळणाऱ्या मुलीने त्याच्यावरचा अंबर इतका हळू उतरवला की प्रेक्षकांना दिवा गेलेला कळला नाही. फक्त माणूस फिका झालेला कळला. पहिल्या प्रयोगात त्याच्या दंडांवर काटा आला होता. प्रेक्षागृहाचा एसी जोरात होता, असे तो नंतर म्हणाला. असेल.

या सगळ्याच्या आधी, ब्राह्मण समोर येताच कर्ण वाकतो आणि ब्राह्मणाची पंचाईत होते. दीर्घायुषी हो म्हणावे तर तो खरेच जगेल. काही न म्हणावे तर हा मला मूर्ख समजेल. म्हणून मी सूर्य, चंद्र, हिमालय, सागर यांच्यासारखी तुझी कीर्ती राहो म्हणतो. यावर हमखास हशा येतो, आणि तो यावाच. कर्णालाही कळते की आयुष्य दिले नाही. तो ते हसून सोडून देतो. कवच गेल्यावर पस्तावलेल्या इंद्राकडून देवदूत विमला नावाची शक्ती घेऊन येतो. दिल्याचा मोबदला मी घेत नाही, असे म्हणून कर्ण ती नाकारतो, आणि ब्राह्मणाचा शब्द आहे म्हटल्यावर स्वीकारतो. या भागात नाटक थोडे रेंगाळते. आम्ही तो पटकन आटपतो.

शेवटी पुन्हा तेच वाक्य, अर्जुन आहे तिथे रथ घे. मुलगा ते जवळजवळ बोलल्यासारखे म्हणतो, घरी जायला रिक्षावाल्याला पत्ता सांगावा तसे. दुरून शंख वाजतो.

मी तेव्हा विंगेत असतो. संहितेप्रमाणे मी ऐरावतावर बसून हे युद्ध बघायला गेलेलो असतो. कवच घेताना पुढे केलेले दोन्ही हात तसेच छातीपाशी असतात. त्यात काही नाही, पण खाली कुठे ठेवावे ते सुचत नाही. परवाच्या प्रयोगाला बॅकस्टेजच्या पोराने तशात चहाचा कप पुढे केला. मी त्याला खुणेनेच म्हटले, थांब जरा.