रोल्स-रॉईसला बांधलेला झाडू

मुंबईत फोर्टातल्या हॉर्निमन सर्कलला जुन्या मोटारींचा मेळा भरतो. एका वर्षी मी मुंबईत होतो, मित्र म्हणाला चल, म्हणून गेलो. शिरूर कासारच्या माणसाचं तिथं काय काम, असं कुणी विचारेल. काम काही नाही. मला गाड्या आवडतात. इंजिन उघडं दिसलं की मी थांबतो, मग ते मॉरिसचं असो की ऊस ओढणाऱ्या ट्रॅक्टरचं.

गाड्या खरंच देखण्या होत्या. रोल्स-रॉईस, बेंटली, एमजी, ऑस्टिन, मॉरिस. बहुतेक विलायतेच्या. नव्वद वर्षांची गाडी एका हाकेत सुरू होते आणि इंजिनाचा आवाज एकसुरी येतो, यामागं किती हात राबले असतील ते कळायला मेकॅनिकच असावं लागत नाही. प्रत्येक गाडीपुढं पाटी: गाडीचं नाव, साल, मालकाचं नाव. डेंटरचं, पेंटरचं, गादीवाल्याचं नाव मी पाहिलेल्या एकाही पाटीवर नव्हतं. आणखी एक पाटी होती, 'गाडीला हात लावू नये'. अशा पाट्या आपल्याला नव्या नाहीत. पण ही सगळ्यांना सारखी होती, त्यामुळं तक्रार नाही.

लिहायचं आहे ते एका गोष्टीबद्दल. एका रोल्स-रॉईसजवळ एक गृहस्थ कॉलेजच्या पोरांना ती सांगत होते. तुम्हीही ऐकली असेल, व्हॉट्सॲपवर दर सहा महिन्यांनी येते. अलवारचे महाराज साध्या कपड्यात लंडनच्या शोरूममध्ये गेले. सेल्समननं हाकललं. महाराजांनी एकदम सहा-सात गाड्या विकत घेतल्या, अलवारला आणल्या आणि पुढं झाडू बांधून शहराचा कचरा काढायला लावल्या. कंपनीची अब्रू गेली, माफीची तार आली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. गोऱ्यांची कशी जिरवली!

ही गोष्ट अलवारच्या नावानं सांगतात, तशी हैदराबादच्या आणि भरतपूरच्या नावानंही सांगतात. एकच गोष्ट इतक्या राजांच्या अंगावर बसते तेव्हा ती इतिहासापेक्षा लोककथा जास्त असते. पण खरीखोटी हा माझा मुद्दा नाही. लोक ती का सांगतात आणि टाळ्या कुठं पडतात, हा मुद्दा आहे.

महाराजांना गाडीचा अपमान करायचा होता. त्यासाठी त्यांच्याकडं मार्ग कमी होते का? गाडी जाळता आली असती, खाणीत ढकलता आली असती, भंगारात विकता आली असती. पण गोष्ट रचणाऱ्याला झाडूच सुचला. कारण ऐकणाऱ्याला पुढचं काही समजावून सांगावं लागत नाही. झाडूला लागलेली वस्तू उतरली, नीच झाली, हे आपल्या देशात शाळेत न जाताही कळतं. इंग्रज सेल्समननं राजाला कपड्यावरून तोललं, म्हणून सगळ्यांना राग. राजानं उत्तर दिलं ते जातीच्या भाषेत, त्याचा मात्र अभिमान. त्या झाडूमागं रोज पहाटे उठून जे लोक अलवारचे रस्ते झाडत होते, त्यांना गोष्टीत नाव नाही, तोंडही नाही. जे काम त्यांचं पोट होतं, ते इथं शिक्षा म्हणून वापरलं आहे. शिक्षा कुणाला? एका मोटारीला. मोटारीलासुद्धा जे काम कमीपणाचं, ते माणसाला पिढ्यान्‌पिढ्या लावलं होतं, हे टाळ्या वाजवणाऱ्या एकाच्याही डोक्यात आलं नाही.

आणि झाडू बांधणं आपल्याला आठवत नाही असं कसं होईल? 'जातिप्रथेचे विध्वंसन'मध्ये बाबासाहेबांनी पेशव्यांच्या पुण्याबद्दल लिहून ठेवलंय: अस्पृश्यानं कमरेला झाडू बांधायचा, म्हणजे त्याच्या पावलांची धूळ पाठोपाठ झाडली जाईल, आणि थुंकायला गळ्यात मडकं. हे भाषण १९३६ सालचं, लाहोरच्या मंडळानं करू न दिलेलं. पुण्यात माणसाला झाडू बांधला, त्याची गोष्ट मेळ्यात कुणी सांगत नाही. गाडीला झाडू बांधला, ती मात्र शंभर वर्षं चालली आहे.

आता आपल्याकडचं बघू. आमचा बीड जिल्हा निजामाच्या राज्यात. सहावे निजाम महबूब अली खान यांच्यासाठी एक पिवळी रोल्स-रॉईस सिल्व्हर घोस्ट मागवली गेली होती. निजाम १९११ मध्ये वारले, गाडी १९१२ ची. मागं सिंहासनासारखं उंच आसन, म्हणून तिला 'थ्रोन कार' म्हणतात. मिरवणुकीपुरती बाहेर निघायची, त्यामुळं फार धावलीच नाही. जुन्या गाड्यांच्या शौकिनांत तिचं नाव आजही आदरानं घेतात. ती ज्या खजिन्यातून आली त्यात आमच्या भागातल्या कुळांचा साराही होता, एवढी आठवण कुणीतरी पाटीवर लिहायला हरकत नसावी.

त्याच राज्यात २० वर्षांनी दुसरी एक विलायती गाडी आली. १९३२ मध्ये निजामाच्या रेल्वे खात्यानं बससेवा सुरू केली ती २७ बसगाड्यांवर, आणि त्या होत्या स्कॉटलंडच्या अल्बियन कंपनीच्या. मला विचाराल तर सिल्व्हर घोस्टपेक्षा मी अल्बियनपुढं जास्त वेळ उभा राहीन. मुंबई राज्यात एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ला नगर-पुणे रस्त्यावर धावली, तीही बेडफर्ड, म्हणजे विलायतीच. या गाड्यांनी काय केलं हे आपल्या माणसांना वेगळं सांगायला नको, पण नव्या पोरांसाठी चाळीसगाव सांगतो.

१९२९ साल. मुंबई सरकारनं अस्पृश्यांच्या तक्रारींच्या चौकशीला नेमलेल्या समितीचे सभासद म्हणून बाबासाहेब धुळ्याच्या बाजूला गेले होते. परतताना चाळीसगावला उतरले. वस्तीतल्या लोकांनी रात्रभर राहण्याचा आग्रह धरला. पण स्टेशनवर टांगाच मिळेना, कारण टांगेवाले महाराला बसवून टांगा हाकायला तयार नव्हते. तोड निघाली ती अशी: टांगा भाड्यानं देतो, हाकणार नाही. मग वस्तीतलाच एक माणूस बसला, ज्यानं कधी टांगा हाकला नव्हता. थोडं पुढं जाताच एका मोटारीशी टक्कर होता होता वाचली. पुढं नदीवरच्या पुलावर चाक दगडावर आदळलं, बाबासाहेब फरशीवर फेकले गेले, पायाचं हाड मोडलं, घोडा आणि टांगा नदीत. पाहुण्याला पायी नेणं बरं दिसणार नाही म्हणून लोकांनी हा खटाटोप केला होता. विलायतेतून बॅरिस्टर होऊन आलेल्या माणसाला चाळीसगावचा टांगेवाला नाही म्हणू शकत होता.

एसटीचा कंडक्टर तसं म्हणू शकला नाही. तिकीट म्हणजे तिकीट. गाडीत जागेवरून कुरबुरी झाल्या, अजूनही काही गावांत होतात, पण 'तुला बसवत नाही' म्हणायची सोय सरकारी बसनं काढून घेतली. म्हणून माझ्या लेखी खरी व्हिंटेज ती. अशी एक बेडफर्ड मी तरी मेळ्यात पाहिली नाही.

शिरूरला आमच्या पिढीनं पाहिलेली विलायती गाडी एकच, ॲम्बॅसॅडर. मॉरिस ऑक्सफर्डचाच साचा, १९५७ पासून बंगालात उत्तरपाड्याला बनायची, २०१४ ला बंद झाली. तिच्या मागं धुरळा आणि वर लाल दिवा, म्हणजे साहेब आले. आमचे लोक त्या गाडीकडं शौकानं नाही, अर्ज हातात धरून बघायचे.

जुनं म्हणजे वारसा की भंगार, हे कोण ठरवतं? २०२१ मध्ये केंद्रानं ५० वर्षांवरच्या गाड्यांसाठी वेगळे नियम केले. त्यांना 'व्हीए' अक्षरांचा खास नंबर, नव्या नोंदणीला २० हजार फी, आणि रोजच्या वापराला, धंद्याला मनाई. प्रदर्शन, रॅली चालेल. त्याच वर्षी जुन्या गाड्या मोडीत काढायचं धोरण आलं. धंद्याच्या गाडीला १५ वर्षांनंतर तपासणीत पास व्हावं लागेल, नाहीतर भंगार. माझ्या चुलतभावाचा टेम्पो, ज्यावर त्याचं घर चाललं, तो १६ व्या वर्षी कवडीमोल झाला. धूर सोडणारी गाडी रस्त्यावर नको हे मला मान्य आहे, आपल्याच पोरांच्या छातीत तो जातो. पण कायद्याचा अर्थ बघा: जी गाडी पोट भरते तिला वयाची अट, जी नुसती मिरवते तिला मान.

शौकिनांशी माझं भांडण नाही. कुणी वीस वर्षं खपून एक मॉरिस उभी करतो, त्याला मी सलाम करतो. उत्तम वस्तूंची आवड बाबासाहेबांनाही होती. पुस्तकं, पेन, कोट यांत त्यांनी कधी गरिबीचं कौतुक केलं नाही. माझं म्हणणं पोरांना एवढंच: ती झाडूची गोष्ट पुढं ढकलू नका. ग्रुपवर आली तर तिथंच विचारा, झाडू कुणाच्या हातात होता? हाच देश २०१३ मध्ये मैला वाहण्याविरुद्ध कायदा करतो, आणि गटारात मेलेल्या माणसाची भरपाई दहा लाखांवरून तीस लाख करायला सुप्रीम कोर्टाला २०२३ मध्ये सांगावं लागतं. ती माणसं कोणत्या जातींची, हे त्या ग्रुपवरच्यांना माहीत आहे.

आणि एक काम करा. १४ ऑक्टोबर १९५६ ला आपला जिल्हा अजून हैदराबाद राज्यातच होता, मराठवाडा मुंबई राज्यात आला तो १ नोव्हेंबरला. आमच्या घरात एवढंच सांगतात की आजोबांचे थोरले भाऊ शिरूरहून नगरपर्यंत पायी गेले आणि तिथून रेल्वेनं मनमाडवरून नागपूरला. भाड्याचे पैसे कुठून आणले, सोबत कोण होतं, परतताना काय आणलं, हे विचारायच्या आधी ते गेले. तुमच्या वस्तीत नव्वदीतली एखादी आजी असेल तर या रविवारी जाऊन बसा. कोण गेलं होतं, कशानं गेलं, बैलगाडी, ट्रक की आगगाडी, वाटेत पाणी कुठं मिळालं, सगळं लिहून घ्या. आजीचं नाव आणि गाव आधी लिहा.